कळी सुटेना

"टॅक्सी इली! टॅक्सी इली!" असं शेजारच्या अंगणातून कोणीतरी ओरडलं आणि सर्वणच्या गावसांच्या घरात एकच धांदल उडाली. जशी काही नवऱ्यामुलाची गाडीच दारात आली होती! आली होती पणजीच्या वकिलाची टॅक्सी. एका माणसाला फासावरून उतरवता येतं का, एवढंच बघायला तो आला होता. पण घराला वळणच असं, की गाडीचा आवाज आला की आधी चहाचं आधण ठेवायचं. थोरल्या जानकीनं आधण ठेवलं आणि धाकट्या लक्ष्मीनं ते चुलीवरून खाली उतरवलं.

"असल्या कामाक इलेल्याक माज्या घरात च्या नाय," लक्ष्मी म्हणाली.

"घर काय तुज्या एकटीचा?" जानकीनं भांडं पुन्हा चुलीवर आदळलं. अर्धं पाणी राखेत गेलं.

या दोन जावांचं दुखणं हेच होतं की चूल अजून एकच होती. जानकीच्या सगुणनं लक्ष्मीच्या यशवंतला मारलं, त्याला वर्ष उलटून गेलं; सगुणला कोर्टानं फाशी सांगितली; तरी दोघींचा भात एकाच टोपात शिजत होता. वेगळी चूल मांडायची तर घरच्या कर्त्यानं नारळ फोडून भांडी वाटून द्यायची असतात. घरचे कर्ते रघुनाथ, म्हणजे सगुणचे बाप, आणि बाप नसलेल्या यशवंतचे सख्खे चुलते. त्यांना कोणाकडे मान वर करून बघवत नव्हतं, मग नारळ कसला फोडतात!

झालं होतं ते एवढंसं. यशवंतनं खाणीवर लावायला ट्रक घेतला आणि ट्रक घरापर्यंत यायला वाट हवी म्हणून तो कुळागराच्या, म्हणजे घरच्या पोफळीच्या बागेच्या, पाटावरून घातला. पाट फुटला. पाण्यावाचून पोफळींची एक अख्खी ओळ पिवळी पडली. झाडांना पोटच्या पोरांसारखं जपणारा सगुण कोयता घेऊन बागेतच होता. दोघे बोलले, ओरडले, आणि कोयता चालला. न्यायाधीश म्हणाला, पहिला घाव रागाचा असेल, मी समजू शकतो. पण यशवंत पडल्यावर दुसरा घाव घातलास, तो रागाचा नव्हे. त्या दुसऱ्या घावानं सगुणला दोरापाशी नेऊन उभं केलं. वरच्या कोर्टानंही हात झटकले. आता राहिली होती दिल्ली, राष्ट्रपतींची दया.

आणि वकील आज सांगायला आला होता तो मुद्दा असा: मयताच्या आईनं स्वतः म्हटलं, 'फाशी नको,' तर दिल्लीत त्या शब्दाला वजन येईल. मुदत आज संपते, अर्ज आजच निघायला हवा. लक्ष्मीबाईंनी फक्त हो म्हणायचं, बाकी वकील लिहून घेईल.

"मी कित्याक हो म्हणू?" लक्ष्मी सोप्यावर येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. "तुमी सगळ्यांनी जमान माका हो म्हणूक लावूचा, म्हणान ही गाडी मागयलास?"

"शाबास गे बाय!" तिचा भाऊ बाबली कदेलीवरून, खुर्ची मागे लोटून, उठलाच. बाबली मोरजीचा, दर्याकाठचा माणूस. त्याचा आवाजही लाटांवरून पलीकडे पोचायला घडलेला. भाच्याच्या मर्तिकाला जो आला, तो महिन्यातून एकदा बहिणीला धीर द्यायला येतच राहिला. "फाशी म्हणजे फाशी! पडलेल्या माणसाक मारणाऱ्याची दया कसली? उद्या दर एकजण कोयतो घेऊन बागेत जातलो!"

"बाबली, हळू," रघुनाथ म्हणाले.

"हळू कित्याक? तुमच्या झिलाचा नाव काढला म्हणान?"

रघुनाथ पोर्तुगीज अमदानीत कोर्टात एस्क्रिव्हांव होते. साक्षी-जबान्या उतरून घेण्यात त्यांचा जन्म गेला. चष्मा काढून धोतरानं पुसत ते वकिलाला म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, म्हणून सांगतो. मी कोर्टात बसत होतो तेव्हा या मुलखात खुन्याला फाशी नव्हती. माझ्या आजाच्या वेळीच ती उठली होती. खून शाबीत झाला की आफ्रिकेला पाठवायचे. माणूस जायचा, पण जिवंत जायचा."

"बघा, बघा! पाखल्या पोर्तुगिजांची आरती सुरू झाली!" बाबलीनं मांडीवर थाप मारली. "फाशी नव्हती, खरा. गोळी होती मरे! पत्रादेवीक सत्याग्रही पडले ते काय ताप येवन? ओपिनियन पोलाच्या वक्ताक ह्यांनी दोन पानांक मत दिला, तेव्हाच मी वळाखलंय, हो माणूस अजून तकडचोच."

आता ओपिनियन पोलाचा या घराशी काय संबंध, तर होता! गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून फुलाला मत द्यायचं की वेगळा राहावा म्हणून दोन पानांना, यावरून दोनेक वर्षांमागे याच सोप्यावर वाट्या फेकल्या गेल्या होत्या. सगळी डिचोली फुलामागे आणि हा एकटा म्हातारा दोन पानं धरून बसलेला. तेव्हा त्यांच्या बाजूनं भांडलं कोण? तर सगुण आणि यशवंत, दोघे मिळून. मतं दोघांची फुलाला, पण 'आमच्या म्हाताऱ्याक कोण बोलता?' म्हणून दोघांनी बाबलीमामाला अंगणाबाहेर घालवलं होतं. लक्ष्मीला ते आठवलं आणि ती आणखीच चिडली. आठवण काय सांगून येते?

"माझं बोलणं पुरं होऊ दे," रघुनाथ म्हणाले. "फाशी नव्हती ते बरं होतं, असं माझं मत. पण आता राज्य आपलं, कायदा आपला. इतकी वर्षं हा कायदा आला म्हणून मी तोंड उघडलं नाही. आज माझ्या पोराला लागला म्हणून तो वाईट? मी अर्जावर सही करणार नाही. आणि लक्ष्मीला हो म्हण म्हणून सांगणार नाही."

जानकी चहाची कपबशी घेऊन दारात आली होती. ती तिनं तिथंच उंबऱ्यावर ठेवली.

"ऐकलांत?" ती सगळ्यांना म्हणाली, पण बोट नवऱ्याकडे. "ह्यो बाप! झिलाक खांद्यार घेवन जत्रेक नेणारो ह्योच. कायदो धरून बसलो हा. जळो तुमचो कायदो!"

लक्ष्मीला वाटलं होतं, या म्हाताऱ्याचा आपल्याला राग येईल. उलट कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाच राग आला. एवढ्यात तिची मुलगी विनोदिनी पुढे झाली. डिचोलीच्या मराठी शाळेत मास्तरीण. आज रजा टाकून आली होती, ती आईच्या बाजूनं बोलायला, असं लक्ष्मी धरून चालली होती.

"मी सही करते," विनोदिनी म्हणाली. "मी यशवंतची बहीण. माझी चालेल ना?"

"चालेल, पण आईचा शब्द..." वकील चाचरला.

"विनू!" लक्ष्मी ओरडली. "तुजो भाव गे तो!"

"माझाच भाऊ. म्हणून तर बोलते. आई, सगुणदादाला फाशी कशासाठी झाली? पडलेल्यावर दुसरा घाव घातला म्हणून. बरोबर? मग आता तो काय उभा आहे? तो पडलेलाच आहे. हात बांधलेले, कोठडीत. त्याच्यावर आता सरकारनं घालायचा तो कितवा घाव? रागही नाही, कोयताही नाही, सगळं शांतपणे, वेळ ठरवून. आणि तो आपल्या नावानं!"

चटकन आवाज झाला. लक्ष्मीनं तिच्या गालावर चपराक मारली होती. विनोदिनी नोकरीला लागल्यापासूनच काय, लहान असतानासुद्धा लक्ष्मीनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पोरगी रडली नाही. गालाला हातही लावला नाही तिनं. लक्ष्मीनंच आपला हात पदराखाली घेतला.

"शिकवलंय तुका, ता ह्येच्यासाठी?" ती कशीबशी म्हणाली.

"होय," विनोदिनी म्हणाली, "ह्येच्याचसाठी."

बाबली भाचीवर गरजला, जानकी बाबलीवर, वकील घड्याळाकडे बघायला लागला, बाहेर ड्रायव्हरनं भोंगा दिला. कोण कोणाच्या बाजूचं हेच कळेना. मेलेल्याची बहीण मारणाऱ्याच्या बाजूनं, मारणाऱ्याचा बाप दोराच्या बाजूनं! असलं घर देवानं घडवलं, तर निस्तरायचंही देवानंच. जानकीच्या तोंडून तेच आलं.

"देवाक विचारूया. कळी लावूया."

आणि काय सांगावं, भांडण असं थांबलं, जसा कोणी पाटाला दगड लावला. गावसांच्या घरात लग्न ठरवायचं, विहीर खणायची, म्हैस विकायची, सगळं देवाच्या अंगाला कळी लावून. उजवी पडली की करायचं, डावी पडली की सोडायचं. मग त्यावर घरातल्या कोणी ब्र काढायचा नाही, ही रीत.

"ट्रक घेतानाही उजवीच पडली होती," विनोदिनी पुटपुटली. कोणी लक्ष दिलं नाही.

रघुनाथांनी मान हलवली. "देवानं सांगितलं तर मी सही करीन."

"माका मान्य," लक्ष्मी म्हणाली. तिच्या मनात जराही धाकधूक नव्हती. देवाला डोळे होते. देवाच्या डोळ्यांदेखतच तिचा मुलगा बागेत पडला होता. डावी कळी पडणार, सगुण लटकणार, आणि ओसरीवर बसून मेलेल्या पोराची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते या जानकीला एकदाचं कळणार. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण वर्षभर ती त्याच्यावरच जगत होती.

वरात निघावी तशी सगळी देवळाकडे निघाली. पुढे रघुनाथ, मागे दोघी जावा एकमेकींकडे न बघता, मग बाबली, विनोदिनी आणि कधी कळी-कौल न बघितलेला वकील, चपला हातात घेऊन. खाणीचे ट्रक लाल धूळ उडवत बाजूनं जात होते. बातमी त्यांच्याही पुढे पोचली होती. देवळाच्या चौकात अर्धं सर्वण गोळा झालेलं! 'गावसांची कळी! फाशीची कळी!' बायका घरची कामं टाकून आल्या होत्या.

सखाराम गुरवाला घाम फुटला. आजवर त्यानं हरवलेल्या रेड्याची कळी लावली होती, भावकीच्या तंट्याची लावली होती. माणसाच्या जिवाची कळी त्याच्या बापानंही लावली नव्हती. पिटकुळीच्या लाल फुलांच्या कळ्या नुसत्या पाण्यानं देवाच्या ओल्या अंगाला चिकटवायच्या असतात. पण सखाराम भ्याला. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच एखादी सटकली तर? एका जिवाचा प्रश्न! म्हणून त्यानं काय केलं, तर सहाणेवरचं दाट चंदन बोटावर घेतलं आणि एक कळी देवाच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर चांगली दाबून बसवली.

मग त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"देवा महाराजा! ह्या गावची राखण करणाऱ्या!"

"होय महाराजा!" चौक दुमदुमला.

"एका घरातलो एक झील गेलो, आणि दुसरो जावक बसलो हा! मेल्याची आवय, मारणाऱ्याची आवय, दोघी तुज्या पायांकडे इल्यात! फाशी नको म्हणान सांगूचा आसात, तर उजवी दी! न्हय तर डावी दी! काय ता लौकर दी आणि तंटो मिटव महाराजा!"

"होय महाराजा!"

सगळ्यांचे डोळे त्या दोन लाल कळ्यांवर.

कळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. बायकांनी पदराआड श्वास धरले होते ते सोडले. कोणी म्हणालं, गर्दी सारा, देवाला कोंडतंय. कोणी म्हणालं, दार ओढा, वारा येतोय. दार ओढलं. अंधार झाला म्हणून उघडलं. सखारामनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी घसा फुटेस्तोवर. कळ्या जागच्या जागी!

"ह्येनी काय तरी केल्यान हा!" बाबली पुढे सरसावला. "सकाराम, हात दाखय तुजो! गंध लावलंस? कळयेक गंध?"

"भियान लावलंय रे बाबा..." सखाराम रडकुंडीला आला.

"काढा त्यो! परत लावा!"

"लागलेली कळी काढायची नाही," रघुनाथ गरजले. त्यांचा असा आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. "पडेस्तोवर कोणी हलायचं नाही. रीत म्हणजे रीत."

बाहेर टॅक्सीनं पुन्हा भोंगा दिला. वकील रडवेला होऊन म्हणाला, "साहेब, पणजीचं ऑफिस बंद होईल हो!" त्याला तिघांनी एकदम 'श्शू' केलं.

लक्ष्मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागूनच उभी होती. शेजारी जानकी. तिचे ओठ हलत होते. लक्ष्मीला ऐकू येत नव्हतं, ऐकायची गरजही नव्हती. 'नको देवा, नको रे देवा.' यशवंतला म्हापशाच्या इस्पितळात नेताना, त्याच्याच ट्रकमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन, ती हेच म्हणत होती. तेव्हा तिच्या खांद्याला धरून मागे कोण बसलं होतं? हीच जानकी. आणि तीही तेच म्हणत होती, ह्याच तोंडानं, यशवंतसाठी. ज्यानं मारलं त्याची आई, मरणाऱ्यासाठी! लक्ष्मीनं ते आजवर आठवूच दिलं नव्हतं स्वतःला.

"हलली!" कोणीतरी किंचाळलं.

डावी. चंदन सुकून त्याला बारीक चीर पडली होती, आणि डावी कळी देवाच्या खांद्यावरून तिरकी होत होती. अगदी हळू. चौकात गलका उसळला. बाबली "पडली, पडली!" करून हात वर नाचवायला लागला. रघुनाथांनी डोळे मिटून घेतले.

मिळालं! लक्ष्मीच्या मनानं एकच उडी मारली. वर्षभर मागितलं ते मिळालं. आणि त्याच क्षणी तिला दिसलं, आता पुढे काय होणार ते. कळी पडणार, सगळे 'होय महाराजा' म्हणणार, देवाचं दिलं म्हणून हात जोडून घरी जाणार. सगुणला मारणार, पण मारला कोणी असं विचारलं तर कोणाचंच नाव निघणार नाही. तिचंसुद्धा नाही. ती सुखानं भात जेवणार, जानकीनं वाढलेला.

"नको!" ती ओरडली.

आणि जे या देवळात कधी घडलं नव्हतं ते घडलं. विधवा बाई, उंबरा ओलांडून गाभाऱ्यात! सखाराम आडवा आला, त्याला तिनं खांद्यानं बाजूला सारलं. डावी कळी सुटतच होती. तिनं अंगठा लावला आणि ती देवाच्या खांद्यावर दाबून धरली.

मग एकच आरडाओरडा!

"बाय! काय करतंस? देवान दिला ता मोडतंस?" बाबली किंचाळला.

"लक्ष्मी!" रघुनाथांनी हाक मारली. धाकट्या भावजयीला नावानं हाक मारायची त्यांची ही पहिलीच वेळ. "हात काढ. देवाचा कौल आहे तो."

लक्ष्मीनं मान वळवली, अंगठा हलवला नाही. तिला धाप लागली होती, डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"भावजी, मेलो तो कोणाचो झील? देवाचो?"

तिनं मोकळा हात आपल्या छातीवर आपटला.

"माजो! माजो मेलो! मगे देवाक कित्याक विचारतास? कोर्टान कोर्टाक विचारल्यान, वकिलान कायद्याक विचारल्यान, बाबलीन आपल्या रागाक विचारल्यान. वर्स झाला, सगळे माका सांगतत. लक्षुमी असा म्हण, लक्षुमी तसा म्हण. विचारल्यान कोणी? माका विचारा!"

बाप म्हणून जे रघुनाथांनी मुलासाठी कोणाकडे मागितलं नव्हतं, ते आता मागायची पाळी आली होती. म्हाताऱ्यानं हात जोडले. ते देवाकडे नव्हते, तिच्याकडे होते.

"तूच सांग बाये," ते म्हणाले. "सगुणचं काय करायचं?"

लक्ष्मीनं एकदा देवाकडे बघितलं, एकदा जानकीकडे. विनोदिनी खांबाला धरून उभी होती. गालावर अजून बोटं उठलेली.

"जगांदी," लक्ष्मी म्हणाली. "लिवा तुमच्या दिल्लीक. आवशीन सांगल्यान, जगांदी."

जानकी धाडकन खाली कोसळली आणि तिच्या पायांकडे सरकली. लक्ष्मीनं पाय मागे घेतला.

"पायां पडा नको, वयनी. मी माफ करूक नाय तेका. आज नाय, मरासर नाय. खंयच्याय सणाक माज्या दारात येवचो नाय तो. पण माज्या नावान कोणाक मारूचा नाय."

"होय महाराजा!" मागून कुठलीशी म्हातारी सवयीनं म्हणून गेली आणि मग सगळ्या चौकानंच ते उचललं, "होय महाराजा! होय महाराजा!" बाबली एकटा तोंड फिरवून बाहेर पडला. विनोदिनी वकिलाचा हात धरून ओढत ओरडत होती, "चला, चला हो, ऑफिस बंद होईल!" आणि वकील एक चप्पल पायात, एक हातात, असा टॅक्सीकडे धावत सुटला. त्याच्यामागे रघुनाथ, म्हातारपण विसरून. त्यांच्यामागे अर्धं गाव.

गाभाऱ्यात लक्ष्मीनं अंगठा काढला. कळी टपकन खाली पडली. डावीच. सखाराम गुरवानं ती बघितली, लक्ष्मीकडे बघितलं, आणि काही न बोलता उचलून निर्माल्यात टाकली.